पुढच्या चाकातून चीं चीं आवाज येऊन राहिला? बेअरिंगच्या आधी ब्रेक पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. सहा चक्का गाडी, सध्या गावागावातून कापूस भरून जिनिंगला टाकून राहिले, आणि डाव्या पुढच्या चाकातून चीं चीं आवाज येते. सकाळी गाडी काढली तर आवाज नाही, १०-१५ किलोमीटर गेलं, दोन-चार ब्रेक लागले की सुरू होते. ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद, पाय उचलला की थोड्या वेळाने परत. मेकॅनिकने दोन्ही बेअरिंग बदलले, ग्रीस भरलं, पैसे गेले आणि आवाज तसाच, आता तो म्हणते किंगपिन (ज्या खुंटीवर पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे वळते ती) करून घ्या.

किंगपिन आत्ता करू नका. तुम्ही जे लिहिलं त्यातच अर्धं उत्तर आहे, ब्रेक दाबला की आवाज बंद होते. बेअरिंगला ब्रेकशी काही घेणं-देणं नसते, खराब बेअरिंग तुम्ही ब्रेक दाबा नाहीतर सोडा, चाक फिरते तोवर बोलतेच. किंगपिन तर सरळ रस्त्यावर चाकासोबत फिरतच नाही, स्टिअरिंग वळवलं तेव्हाच त्याचं काम. मंग सरळ रस्त्यावर चाकाच्या वेगानं वाढणारा आवाज त्याच्यातून कसा येईल? माझं म्हणणं असं आहे की तुमच्या गाडीचा ब्रेक शू (ड्रमच्या आतली कमान, तिच्यावर लायनर म्हणजे घासायची पट्टी असते) ब्रेक सोडल्यावर पूर्ण मागे येऊन नाही राहिला, लायनर ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या भांड्याला, हलका घासत राहते. ड्रम म्हणजे बिडाची घंटाच समजा, जोरात धरली तर वाजत नाही, हलकी घासत राहिली तर वाजते. पाय ठेवला की लायनर ड्रमला घट्ट बसते, कंपन मरते, आवाज बंद.

सकाळी आवाज नसते त्याचं कारणही तेच. रात्रभरात शू हळूहळू मागे सरकलेले असतात. पहिले काही ब्रेक लागले की ते पुढे येतात आणि तिथंच अडकून राहतात.

पण मी इथं बसून सांगून राहिलो, गाडी माझ्यासमोर नाही, म्हणून खोलायच्या आधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. खर्च काहीच नाही.

पहिलं म्हणजे आवाज खरंच चाकातून आणि डाव्याच बाजूने येते का ते. केबिनमध्ये बसून बाजू ओळखणं लय फसवं असते, उजव्या चाकाचा आवाज डावीकडून आल्यासारखा वाटते. काच खाली करा आणि जिनिंगच्या कंपाउंडच्या भिंतीला धरून २०-२५ च्या स्पीडने गाडी न्या, एकदा भिंत डाव्या हाताला, एकदा उजव्या हाताला. ज्या बाजूचा आवाज आहे त्या बाजूला भिंत असली की तो आपटून परत येते आणि साफ ऐकू येते. हेल्पर पोट्ट्याला खाली उभं करून बाजूने जाऊन पाहिलं तरी चालते, पण त्याला चाकाच्या जवळ पळायला लावू नका.

दुसरं, सपाट रस्त्यावर एक क्षण क्लच दाबून पाहा. आवाज इंजिनच्या आरपीएमसोबत खाली आला तर चाक सोडा, फॅन बेल्ट नाहीतर अल्टरनेटरचं बेअरिंग पाहा, उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर दिला तरी तो आवाज येईल. आवाज गाडीच्या वेगासोबत राहिला तर चाकच. उतारावर हा प्रयोग करू नका.

तिसरं बेअरिंगची शंका मिटवायला. रिकामी गाडी, मोकळा रस्ता, ३०-४० चा स्पीड, स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे करा. उजवीकडे वळवलं की गाडीचं वजन डाव्या चाकावर येते, डाव्याचं बेअरिंग गेलं असलं तर आवाज त्या वेळी वाढते. आणि बेअरिंगचा आवाज सहसा चीं चीं नसते, घरघर असते, गुर्र गुर्र, जमिनीतून आल्यासारखा. ग्रीस पूर्ण संपून बेअरिंग कोरडं पडलं तर ते किंचाळते खरं, पण तोपर्यंत हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसते) एवढं तापलेलं असते की ग्रीस जळल्याचा वास येऊन राहते आणि चाकाला हात लावला की खेळ दिसते. तुमच्यात यातलं काही नाही.

आता उष्णता पाहा. १५ किलोमीटर चालवा, शेवटचा एक किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी आपोआप हळू होऊ द्या, सपाट जागी थांबा आणि दोन्ही पुढच्या हबजवळ हाताची उलटी बाजू न्या. लावू नका, जवळ न्या. ड्रमला हात चिकटला तर कातडी निघते. दोन्ही सारखे गरम असले तर ठीक, डावा उजव्यापेक्षा साफ जास्त तापला असेल तर बहुतेक ब्रेकच घासून राहिला असं समजा. इन्फ्रारेड थर्मामीटरची ती पिस्तुलासारखी गन घेऊन ठेवली तर फारच सोपं, गाडीवाल्याने ती जवळ ठेवावीच असं मी सगळ्यांना सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्ताच तापलेला असते, म्हणून नुसता आकडा पाहू नका, डाव्या-उजव्यातला फरक पाहा. एक गोष्ट कधीच करायची नाही, तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी मारायचं नाही. ढाब्यावर थांबले की काही ड्रायव्हर हे करतात, बीड गरम असताना थंड पाणी पडलं की ड्रमला तडे जातात.

एवढं झालं की गाडी जॅकवर घ्या. सपाट, कडक जागा पाहिजे, आपल्या काळ्या मातीवर जॅक लावू नका, वरून कोरडी दिसते पण लोड आला की बसते. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. तुमच्या गाडीत हँडब्रेक मागच्या एक्सलवर स्प्रिंगने लागते, पुढच्या चाकावर त्याचा परिणाम नसते, म्हणून हँडब्रेक ओढूनही पुढचं चाक हाताने फिरवून पाहता येते. चाक उचललं की एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरायचं नाही.

इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या, हवेचा मीटर आपल्या जागेवर आला की चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं? मंग पोट्ट्याला सांगा ब्रेक जोरात दाब आणि सोड, तीन-चार वेळा. परत फिरवा. आता जर चाक जड झालं, एका जागी अडखळून राहिलं, खसखस वाजून राहिलं, तर आजार सापडला.

आता पाहायचं हे की शू अडकते कुठं. ब्रेक बूस्टरचा (हवेच्या जोराने रॉड ढकलणारा डबा) रॉड, ज्याला स्लॅक अॅडजस्टर (कॅमशाफ्ट फिरवणारा हात, लायनरचा गॅपही यानेच सेट होते) लागलेला असते, त्याच्यावर खडूने खूण करा. ब्रेक दाबला की रॉड बाहेर येते, सोडला की झटक्यात आत गेला पाहिजे, खूण जिथं होती तिथंच. उजव्या बाजूलाही तसंच पाहा. डावा रॉड आळसावल्यासारखा हळू गेला किंवा अर्ध्यातच थांबला, तर दोनच कारणं, एकतर हवा सुटत नाही नाहीतर कॅमशाफ्ट फिरत नाही. हे ओळखायला बूस्टरचा हवेचा पाइप ब्रेक सोडल्यावर हळूच ढिला करा, तोंड बाजूला ठेवून. फुस्स करून हवा निघाली आणि चाक मोकळं झालं तर पाइप आतून फुगलेला आहे नाहीतर पुढच्या एक्सलचा क्विक रिलीज व्हॉल्व्ह (ब्रेकची हवा लवकर बाहेर सोडणारा) अडकलेला आहे. रबरी पाइप बाहेरून चांगला दिसते पण आतला थर सुटून फडक्यासारखा आडवा येते, हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. पाइप काढून आरपार पाहिला की समजते. आणि पाइप ढिला करूनही चाक जडच राहिलं तर हवेचा दोष नाही, मेकॅनिकल आहे.

माझा अंदाज मेकॅनिकलचाच. आणि त्यातही एस कॅमच्या (एस आकाराचा तुकडा, तो फिरला की शू बाहेर ढकलले जातात) शाफ्टचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरते ती नळी. आपल्याकडे हा आजार पावसाळ्यानंतर लय येते. पांदण रस्त्यावर गाडी चिखलात जाते, काळी माती चाकाच्या आत भरते, दिवाळीपर्यंत ती सुकून सिमेंट होते, तिच्यासोबत ओलावा कॅमशाफ्टच्या बुशात शिरते, गंज धरते. बुशाच्या ग्रीस निप्पलला कोणी ग्रीस मारत नाही कारण ते दिसतच नाही, मातीखाली गेलेलं असते. बूस्टरला ८ बार हवेचा जोर असते म्हणून दाबताना कॅम फिरते, पण परत यायला फक्त शूची रिटर्न स्प्रिंग आणि बूस्टरच्या आतली स्प्रिंग, त्यांच्यात एवढा जोर नसते. म्हणून दाबलेला ब्रेक लागते बरोबर, सुटत नाही बरोबर. ड्रायव्हरला वाटते ब्रेक एकदम ठीक आहे.

तपासायचं सोपं आहे. ब्रेक सोडलेला, स्लॅकचा पिन काढा, स्लॅक हाताने पुढे-मागे हलवून पाहा. चांगला कॅम हाताने फिरते आणि सोडला की स्प्रिंगने मागे येते. टॉमी (लोखंडी दांडी) लावावी लागली, कर्र वाजलं, जिथं सोडला तिथंच थांबला, तर बुश जाम आहे. ग्रीसगन मारून एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं मोकळं होईल, पण ते खरं काम नाही, शाफ्ट काढून साफ करा, गंजाचे खड्डे पडले असतील तर बदला, बुश आणि सील नवीन टाका. सील बसवताना त्याची ओठाची बाजू अशी पाहिजे की जास्तीचं ग्रीस स्लॅककडून बाहेर पडेल, ड्रमच्या आत जाणार नाही. उलटी बसवली की पुढच्या ग्रीसिंगला सगळं ग्रीस लायनरवर.

आता तुम्हाला एक विचारतो, बेअरिंग बदललं त्या दिवशी ड्रम काढलेला असणारच. ड्रम निघण्यासाठी स्लॅक ढिला करावा लागते, बसवल्यावर परत आवळतात. तो किती आवळला? मॅन्युअल स्लॅक असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून मंग साधारण पाव ते अर्धा आटा मागे घ्यावा लागते, चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. घाईत हे मागे घेणं राहून जाते. ऑटो स्लॅक असेल तर उलट, त्याला सारखा सारखा पान्याने आवळायचाच नाही, तो स्वतः गॅप धरते, धरत नसेल तर तो खराब आहे किंवा कॅम जाम आहे आणि आवळून तुम्ही तो दोष फक्त झाकून राहिले.

ड्रम उघडलाच आहे तर आत काय काय पाहायचं. लायनरची जाडी रिपिटच्या (रिव्हेटच्या) डोक्यापर्यंत आली का, एखादी रिपिट ढिली होऊन ड्रमवर रेघ पाडून राहिली का. लायनर चकाकून राहिलं का, हे सतत घासून तापल्यावर होते, परतवाड्याहून चिखलदऱ्याला माल नेणाऱ्या गाड्यांमध्ये घाट उतरताना खालच्या गिअरऐवजी ब्रेकवर गाडी धरली की हेच पाहायला मिळते. वरवर चकाकलं असेल तर जाड पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग उघडा होते, पण खोलवर जळून कडक झालं असेल, तडे गेले असतील तर दोन्ही चाकांचे लायनर एकदमच मारून घ्या. एकाच बाजूचे नवीन टाकले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढेल. ड्रममध्ये निळे डाग दिसले तर तो खूप तापलेला आहे, खोल रेघा असतील तर लेथवर टर्निंग होते, पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असते, त्याच्या पुढे गेला की तो ड्रम भंगारात. आरपार तडा गेला असेल तर मोजायचीही गरज नाही. रिटर्न स्प्रिंग ताणून लांब झाली, रंग उडाला, तर बदला, स्वस्त वस्तू आहे. अँकर पिन आणि रोलर फिरतात का पाहा.

आणि डस्ट कव्हर, म्हणजे ड्रमच्या मागचा पत्रा. याच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. एकदा पांढरकवड्याकडून एक गाडी आली होती, आवाज असाच, फक्त एका लयीत, चाकाच्या फेऱ्यासोबत चीं... चीं... चीं. लायनर नवीन, बेअरिंग नवीन. टॉर्च घेऊन खालून पाहिलं तर ड्रमच्या कडेला गोल चमकती रेघ, बाकी ड्रम गंजलेला आणि तेवढी एक रेघ चांदीसारखी साफ. तिथं डस्ट कव्हर आतल्या बाजूला दबलेलं होतं आणि त्या फटीत बोटाच्या पेराएवढी गिट्टी अडकलेली, तिच्यामागे पऱ्हाटीचा एक तुकडा मातीत घट्ट बसलेला. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने गिट्टी काढली, कव्हर सरळ केलं, आवाज गेला. तुमचा आवाज सलग आहे की फेऱ्यासोबत तुटक तुटक, हे लक्ष देऊन ऐका. तुटक असला तर आधी हे कव्हर पाहा, नाहीतर ड्रम अंडाकृती झाला असेल.

साफसफाईबद्दल एक कळकळीची विनंती. ड्रम काढला की आतली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि कॅन्सरपर्यंतचे आजार लय वर्षांनी बाहेर येतात. गॅरेजमध्ये १५-१६ वर्षांचे पोट्टे तोंडाला रुमालही न बांधता ती धूळ उडवतात, हे पाहून जीव तुटते. पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा, ते फडकं फेकून द्या, तोंडावर चांगला मास्क ठेवा. ब्रेकच्या कामाला पोराला पुढे करू नका.

जुगाड करायला सांगणारे लोक भेटतील. लायनरवर डिझेल मारा, ऑइलचे दोन थेंब टाका, आवाज जाते. आवाज जाईलच, ब्रेकही जाईल. तसंच हबचं ऑइल सील फुटून लायनर ग्रीसने भिजलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन किंवा गॅसने जाळून परत वापरायचं नाही. वरून कोरडं दिसते पण आतलं तेल तापलं की परत वर येते आणि नेमकं उतारावर गाडी ओढते. ते लायनर गेलंच समजा, आणि सील बदलल्याशिवाय नवीन टाकू नका.

बेअरिंग नवीन टाकलं असलं तरी गाडी जॅकवर आहे तर तेही पाहून घ्या, कारण नवीन बेअरिंग चुकीचं आवळलं तर जुन्यापेक्षा लवकर जाते. चाकाला वर आणि खाली धरून हलवा. खेळ वाटला तर पोट्ट्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचा. तुमच्या मेकॅनिकला किंगपिनची शंका आहे ना, त्याच्यासमोर हे करून दाखवा, अर्ध्या मिनिटात निकाल लागते. टेपर रोलर बेअरिंगला अगदी थोडा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा खेळ लागतोच, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मंग मागे घेऊन सेट करायचा आणि लॉक करायचा. लॉक वॉशर नाहीतर स्प्लिट पिन, जे असेल ते नवीनच. ग्रीस रोलरच्या मधे हाताने दाबून भरायचं, हबमध्ये ठासून भरायचं नाही, तापल्यावर फुगून सील फोडते. आणि दोन वेगळ्या जातीचं ग्रीस मिसळू नका.

किंगपिनचा आवाज कसा असते तेही सांगून ठेवतो, उभ्या गाडीत किंवा एकदम हळू वळताना कुईकुई, कट्ट, स्टिअरिंग जड. तिथं थ्रस्ट बेअरिंग कोरडं असते. खड्ड्यातून जाताना फक्त कुरकुर असेल तर पाट्यांची शॅकल पिन (कमान पाट्याचं टोक जिच्यावर लटकते ती). दोन्हीला आधी ग्रीस मारून पाहायचं, मंग खर्चाचं बोलायचं.

तोपर्यंत गाडी चालवायची का? डावा हब उजव्याइतकाच गरम असेल तर गॅरेजपर्यंत न्या, हळू. जास्त तापून राहिला, वास येऊन राहिला, गाडी डावीकडे ओढून राहिली, तर अजिबात नाही, आणि कापूस भरून तर मुळीच नाही. घासणारा ब्रेक ड्रमला एवढा तापवते की हबमधलं ग्रीस पातळ होऊन वाहते, मंग टायर पेटते, वर कापूस आहे, त्याला विझवणारा रस्त्यात कोणी भेटत नाही. एक फेरी चुकली तर चुकू द्या. जिनिंगवाला दोन दिवस थांबते, शेतकऱ्याला फोन करून सांगा, तोही समजून घेते.

काम झालं की पहिले १५-२० किलोमीटर रिकामी चालवा, थांबून दोन्ही हबची उष्णता परत पाहा, खडूच्या खुणेवर रॉड पूर्ण आत येते का तेही पाहा. आणि चाकाचे नट, चाक काढलं होतं म्हणजे ५०-१०० किलोमीटरनंतर परत आवळायचे, समोरासमोरचे जोडीजोडीने, टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलच्या आकड्यावर. गाडी जुनी असेल तर डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे आहेत का ते आधी पाहून घ्या, नाहीतर पोट्टा आवळतो समजून ढिले करून ठेवते.